तिरकं ठेवायची सोय नाही

मी स्ट्रिप होल्डर. नाव इंग्रजी, जन्म उल्हासनगरचा. प्लास्टिकच्या कारखान्यात साबणाच्या डब्यांशेजारच्या साच्यातून निघालो. "एरोप्लेन का माल है, फिनिशिंग बराबर रख!" शेठ ओरडत होता. वाटलं, उडायला मिळेल. मिळालं टेबल.

विमानतळाच्या रडार कक्षात प्रत्येक विमानाची माहिती कागदाच्या पट्टीवर लिहून ती माझ्यासारख्यात सरकवत आणि आम्हाला ओळीने मांडत. अंबरनाथ पश्चिमेची शीला आमची कंट्रोलर. एखाद्या विमानाबद्दल शंका राहिली, की ती मला ओळीतून जरा तिरकं ढकलायची. मी तिरका दिसलो की शेजारचा कंट्रोलरही विचारायचा, "मॅडम, ह्याचं काय?" एवढंच माझं काम. अठरा वर्षं केलं. बढती नाही.

मग पट्ट्या पडद्यावर गेल्या. कोणतं विमान कधी उतरवायचं, ते कृत्रिम बुद्धिमत्ता सुचवू लागली. आम्ही भंगारात. शीलाने मला पर्समध्ये घालून घरी आणलं. आता माझ्यात लग्नपत्रिका खोचतात.

यंत्र हुशार आहे. थकत नाही, चहाला उठत नाही. फक्त त्याला 'हो' कळतं आणि 'नाही' कळतं. तिरकं कळत नाही.

गेल्या मंगळवारी एका वैमानिकाचा आवाज शीलाला अडखळता वाटला. यंत्र म्हणालं, दुसरं विमान लगेच त्याच्यामागे आणा. तिने नाकारलं, अंतर वाढवलं. यंत्राने कारण विचारलं. पर्याय सात, त्यांत आवाज नाही. दोन्ही विमानं सुखरूप उतरली आणि तोच तिच्याविरुद्ध पुरावा ठरला! चार मिनिटं विनाकारण घालवली म्हणून तिच्याकडे खुलासा मागितला.

"अगं, 'इतर' दाबायचं ना!" तिचे वडील शंकरराव म्हणाले.

"पप्पा, 'इतर' दाबलं की फॉर्म उघडतो. तो भरेपर्यंत विमान काय हवेत थांबतं?"

"मग 'चुकले' लिही, मिटव. नाहीतर रडारवरून उचलून फायलींवर बसवतील."

"आणि उद्या परत तसाच आवाज आला तर?"

शंकररावांनी पेपर उघडला. उलटा.

शीलाने लिहिलं, 'आवाज बरा वाटला नाही. पुन्हा वाटला, तर पुन्हा नाकारीन.' खाली सही ठोकली.

एरवी महिनाभर लोळणारा कागद चार तासांत फिरून आला. सोमवारपासून शीला फायलींवर.

वाचकहो, यंत्राशी माझं भांडण नाही. पण तिच्या खुर्चीत आता कोण बसतं, हे विमानात तुम्हाला कोणी सांगणार नाही. बेल्ट तेवढा घट्ट बांधा.