एकाची जांभई दुसऱ्याला

शार्दूलच्या यूकेजीच्या बाईंनी ‘का-पेटी’ नावाचं एक खूळ काढलं आहे. शुक्रवारी प्रत्येक मुलाने पेटीतून एक चिठ्ठी उचलायची, घरी न्यायची आणि पुढच्या शुक्रवारी उत्तर घेऊन यायचं. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी का येतं, पाण्यात राहिलं की बोटं का सुरकुततात, चंद्र आपल्या गाडीबरोबर का येतो, असले प्रश्न. उत्तर अर्थातच आईने शोधायचं. पेटी बाईंची, डोकेदुखी आमची.

आमच्या वाट्याला आलं, एकाने जांभई दिली की दुसऱ्याला का येते? चंद्र आला असता तर काही बिघडलं नसतं.

सिरुसेरीच्या ऑफिसातून वेलचेरीला घरी येणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मी फोनवर उत्तर शोधलं. खरं कारण अजून कोणालाच नक्की ठाऊक नाही, असं पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण माझा स्वभाव नसत्या ठिकाणी खोल जाण्याचा. पुढे लिहिलं होतं की जवळच्या माणसाची जांभई लवकर येते, असं काही संशोधकांना वाटतं. आधी घरच्यांची, मग मित्रांची, मग ओळखीच्यांची, परक्याची सगळ्यात कमी. साधारण पाच वर्षांच्या मुलांना ती येऊ लागते. काही मुलांना मात्र येत नाही, आणि त्यापुढे मुलाच्या मेंदूच्या वाढीबद्दल जे शब्द होते ते वाचून मी फोन मांडीवर पालथा ठेवला.

शार्दूलला नुकतंच सहावं लागलं होतं.

घरी आल्यावर मी हातपाय धुतले आणि त्याच्यासमोर बसून सणसणीत जांभई दिली. आठ वाजेपर्यंत राबलेल्या बाईला ती काही ओढून आणावी लागत नाही. सोफ्यावर आडव्या झालेल्या माझ्या नवऱ्याला, उपेंद्रला, लगेच आली. शार्दूल ठोकळे रचत होता. त्याने मान वर करून माझ्या तोंडाकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि पुन्हा ठोकळ्यांना लागला.

“त्याला झोप नसेल आली,” उपेंद्र म्हणाला.

“झोपेचा संबंध नाही. मी वाचलंय.”

“तू वाचलंयस म्हणजे झालंच.”

दुसऱ्या दिवशी मी जेवताना दिली. तिसऱ्या दिवशी गोष्ट वाचताना मधेच थांबून दिली. जबडा दुखायला लागला. उपेंद्र कारखान्यातून येऊन माझ्या जांभया मोजक्या शब्दांत सहन करायचा आणि स्वतः दर वेळी देत राहायचा. शार्दूल काही देईना. उलट मी तोंड उघडलं की तो ताठ व्हायचा, ओठ मिटून घ्यायचा आणि दुसरीकडे बघायचा.

“अगं, मुलगा आहे तो, सॉफ्टवेअर नाही,” उपेंद्र म्हणाला. “किती वेळा टेस्ट करशील?”

मन चिंती ते वैरी न चिंती. मला एकेक आठवायला लागलं. तो बोलायला उशिरा लागला होता. हाक मारली की कधी कधी बघतच नाही. वाढदिवसाला सगळी मुलं नाचत होती तेव्हा हा एकटा पंख्याकडे बघत उभा होता. ऑफिसात मीटिंग चालू असताना मी चोरून तेच पान पुन्हा उघडायचे आणि त्याच ओळीवर येऊन बंद करायचे. माझा जीव टांगणीला लागला होता आणि हे कोणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं तर लोक हसले असते, आणि नसते हसले तर मला जास्त भीती वाटली असती.

बुधवारी मी लवकर निघाले. शाळेतून आल्यापासून मी येईपर्यंत शार्दूल समोरच्या वसंताअक्कांकडे असतो. अक्का निवृत्त शिक्षिका आणि त्यांचे यजमान रंगा मामा. दोघंही तंजावरकडचे मराठी, पिढ्यानपिढ्या इकडचे. आमचं मराठी ऐकून ते हसतात, त्यांचं ऐकून आम्ही. शार्दूल अक्कांना वसंता पाटी म्हणतो. पाटी म्हणजे तमिळमध्ये आजी. स्वतःच्या आज्या सांगलीला आणि नाशिकला, त्यामुळे ही त्याची रोजची आजी.

त्यांचं दार उघडं होतं, फक्त जाळी ओढलेली. मी हाक मारणार तेवढ्यात आरामखुर्चीतल्या रंगा मामांनी मोठी जांभई दिली आणि तोंडासमोर चुटकी वाजवली. ही जुनी रीत त्या घरात अजून आहे. पाठोपाठ शेवग्याचा पाला निवडणाऱ्या अक्कांना आली. मग त्यांच्या गुडघ्याला टेकून बसलेल्या माझ्या मुलाने पडजीभ दिसेल एवढं तोंड उघडून जांभई दिली आणि अक्कांनी त्याच्याही तोंडासमोर चुटकी वाजवली.

मी जाळी धरून उभी राहिले. देवा, येते, याला येते, मुलाला काही झालेलं नाही. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

ते हलकेपण त्याला घेऊन आमच्या दारापर्यंत येईतो टिकलं. कुलूप उघडताना मला ती क्रमवारी आठवली. आधी घरच्यांची, परक्याची सगळ्यात कमी. मग मी कितवी?

त्या संध्याकाळी मी पुन्हा प्रयत्न केला. त्याने ओठ घट्ट मिटले.

मला अक्कांचा मत्सर वाटला, हे सरळच सांगते. ज्या बाईने माझ्या मुलाला तापात मांडीवर घेतलं, रसम-भात भरवला, तिचाच. मी रागाच्या भरात ठरवून टाकलं की सोमवारपासून शार्दूलला माझ्या ऑफिसजवळच्या डे-केअरमध्ये ठेवायचं. शाळेची गाडी तिथपर्यंत जाते, दुपारी मला डोकावता येईल, परतीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी असेल. उपेंद्र म्हणाला, “जांभईवरून?” मी म्हटलं, जांभईवरून नाही. त्या रात्रीपासून तो माझ्याशी तुटक बोलू लागला.

रविवारी सकाळी मी अक्कांकडे गेले. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात माझा हात कोणी धरणार नाही. आधी हवेचं बोलले, मग पाण्याच्या टँकरचं, मग म्हटलं की ऑफिसच्या बाजूला चांगली सोय झाली आहे.

अक्का फिल्टरची काफी गाळत होत्या. त्यांचा हात थांबला. “आमच्याकडून कांहीं चुकलें काय?”

“नाही हो अक्का. तुम्हाला तरी किती त्रास द्यायचा?”

“त्रास म्हणून मी कधीं म्हटलें?” त्यांनी काफी माझ्यासमोर ठेवली. “सरि, बरें. तुझें लेकरूं. पण त्याला तूं सांग. मला नाहीं सांगतां येणार.”

काफी मला गोड लागली नाही. मी ती तशीच संपवून आले.

दिवसभर सांगेन सांगेन म्हणत राहिले. संध्याकाळी जेवणं चालू असताना वीज गेली. उकाड्याने जीव नकोसा झाला, म्हणून शार्दूलला घेऊन मी बाल्कनीत चटई टाकली. समोरच्या इमारतीत इन्व्हर्टरचे दिवे होते, त्यांचा उजेड आमच्यापर्यंत येत होता. आता सांगायचं, असं ठरवून मी श्वास घेतला आणि मला जांभई आली. ही परीक्षेची नव्हती. खरोखरची, थकल्याची.

शार्दूल माझ्याकडेच बघत होता. त्याने दात आवळले. नाकपुड्या फुगल्या, मान आखडली, मुठी वळल्या. मग त्याचे डोळे पाण्याने भरले आणि सगळं अंग थरथरायला लागलं.

माझी पाचावर धारण बसली. ज्या शब्दांना घाबरून मी फोन पालथा ठेवला होता ते सगळे एकदम आठवले. मी उपेंद्रला हाक मारली. तो मोबाईलचा दिवा घेऊन धावत आला. मी शार्दूलचे गाल धरून म्हणत होते, “तोंड उघड, बाळा, काय होतंय? तोंड उघड.”

त्याने नाही नाही अशी मान हलवली. मी जबड्यावर जोर दिला तसं ते उघडलं, आणि त्यातून जांभई बाहेर आली. लांबलचक, डोळे मिटायला लावणारी, आवाजासकट. ती संपताच त्याने दोन्ही हात तोंडावर दाबले आणि घाबरून माझ्याकडे पाहिलं.

“ही झोपेची नव्हती,” तो म्हणाला.

उपेंद्र मटकन खाली बसला. मी विचारलं, “मग कसली होती?”

“अशीच आली. झोप नाही आली मला. पाटीकडे दिली तरी चालते. ती झोपवत नाही.” त्याने उपेंद्रच्या मागे, अंधाऱ्या खोलीत मान वाकवून पाहिलं. “तू म्हणतेस, आली ना झोप, चला. मग दिवा घालवतेस. मग लॅपटॉप काढतेस.”

आठवडाभर मी रोज त्याच्यासमोर बसून जांभया देत होते, आणि तो रोज जिवाच्या कराराने त्या गिळत होता. मी घरी आल्यापासून त्याच्या झोपेपर्यंत जो तासभर उरतो, तो त्याला माझ्याकडून वाचवायचा होता. आणि मी त्याला वसंताअक्कांपासून तोडायला निघाले होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

“नाही काढणार लॅपटॉप,” मी म्हटलं. “तू हव्या तेवढ्या दे जांभया.”

त्याने माझ्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. त्याचा विश्वास बसला नव्हता. डोळे आपोआप मिटत होते, तरी तो चटईवर ताठ बसला आणि मला समजावत म्हणाला, “आई, ती चुकून सुटली. तू परत दे. बघ, आता नाही येऊ देणार.”