लेकुरवाळी म्हणून सोडलेली

मित्रांनो, मी नागभीडजवळच्या तलावातली एक जुनी मरळ आहे. माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. मला सूड घ्यायचा आहे, आणि कुणाचा घ्यायचा ते मी नीट ठरवून ठेवलं आहे.

आमच्या तलावात परके मासे तीन वाटांनी आले. घरातल्या काचेच्या पेटीत मावेना म्हणून कुणीतरी काचेला चिकटणारा सकर मासा आणून टाकला, तो सोडलेला. कुणाच्या मासे पाळायच्या खड्ड्यातून पुरात बांधावरून निसटला तो परदेशी मांगूर, तो पळालेला. आणि रोहू-कतल्याच्या बीजाच्या, म्हणजे बारीक पिल्लांच्या, पिशवीतून आली तिलापिया, ती मिसळलेली. पण आलेला प्रत्येक जण टिकत नाही. सकर एकटाच म्हातारा झाला. मांगूर दुसऱ्याच उन्हाळ्यात जाळ्यात गेला. ज्याची पिल्लं इथे वाढतात, त्याचंच इथे बस्तान बसतं.

तिलापियाचं बसलं, ते माणसांच्या दयेमुळे.

आमच्या धीवरांची रीत आहे, पिल्लं राखणारा मासा धरायचा नाही. माझी तांबडी पिल्लं थव्याने वर आली की ते जाळं दुसरीकडे टाकतात. एकदा लच्छूच्या जाळ्यात तिलापिया आली. ती पिल्लं तोंडातच सांभाळते; तिच्या तोंडातून ती सांडू लागली.

"सोड तिले, लच्छू," त्याच्यासोबतची म्हातारी गिरजाबाई म्हणाली. "लेकुरवाळी हाये."

लच्छूने हात जोडून ती सोडली. मग अशा कितीतरी सोडल्या.

त्या तिलापियांनी माझ्या जागा बळकावल्या. गेल्या पावसाळ्यात माझी सगळी पिल्लं गिळली. तेव्हापासून मी त्यांच्या पिल्लांवर टपून असते. पोट भरलं तरी खाते.

यंदा मला पुन्हा पिल्लं झाली. परवा मी आणि एक तोंडभरली तिलापिया एकाच जाळ्यात सापडलो. माझी पिल्लं मागे उघडी पडली होती.

"दोघी बी लेकुरवाळ्या," लच्छू म्हणाला. "सोडू ना, बाई?"

गिरजाबाईने जाळ्यात वाकून पाहिलं. "रोज हेच भेटून राह्यले जाळ्यात. मरळ कुठी दिसते आता? मरळीले सोड. त्या दुसरीले टोपलीत टाक, पोरांसकट."

लच्छूने मला पाण्यात सोडलं आणि तिला टोपलीत टाकलं.

मित्रांनो, दया वाईट नाही; तिच्यामुळेच मी जिवंत आहे. पण सोडण्याआधी मासा ओळखा. बीज ओतण्याआधी निवडा. घरचे मासे तलावात टाकू नका.

टोपलीत ती तडफडत होती. मला जराही वाईट वाटलं नाही. तिची तीन पिल्लं काठाशी पाण्यात सांडली होती. आधी ती खाल्ली, मग माझ्या पिल्लांकडे गेले.