अशक्तपणा लिहा

“सगळ्या प्रश्नांपुढे ‘नाही’ लिहून टाका, म्हणजे सुटलो आम्ही,” आई म्हणाली.

प्रश्न लेकीला विचारला होता! लेक सोळा वर्षांची, शाळेच्या जिन्यावरून पडलेली. हनुवटीचे टाके सिस्टरने आत्ताच काढले होते. पण बारा ते अठरा वयाचं कुणीही आलं की दारूबद्दलचे सहा प्रश्न विचारायचे, असा दवाखान्याचा नियम होता. नियम करणाऱ्यांनी प्रश्न छापले, आईला बाहेर कसं काढायचं ते मात्र छापलं नाही. दोन वर्षांत सिस्टरने गठ्ठेच्या गठ्ठे भरले होते, सगळे नाही, नाही आणि नाही. शेजारी आई बसलेली असताना कुठलं पोर हो म्हणणार? मेले हे कागद, असं तिला रोज वाटायचं.

“ताई, औषधांच्या खिडकीवरून मलम घेऊन या बरं.”

“जाताना घेते की.”

“तोवर खिडकी बंद होईल.”

आई कुरकुरत गेली. त्या खिडकीपुढची रांग हलता हलत नसे. एरवी सिस्टर त्या रांगेच्या नावाने खडे फोडायची, आज तीच कामाला आली.

“तुझ्या मैत्रिणींपैकी कुणी घेतं?”

“नाही. त्या साध्या आहेत.”

“आणि तू?”

लेकीने दाराकडे पाहिलं. “रोज म्हटलं तर?”

“तर रोज लिहीन. आरडाओरडा करायला मला वेळ कुठाय?”

लेक हसली आणि मग भडाभडा बोलत सुटली. बाबांच्या कपाटातली. शाळेला निघताना, पाण्याच्या बाटलीतून. नाही घेतली तर हात थरथरतात. जिन्यावर पडली त्या दिवशीही घेतली होती. “सगळ्यांनी विचारलं, चपला कुठल्या होत्या.”

सिस्टरने पेन खाली ठेवलं. “हे तुझ्या एकटीच्याने सुटायचं नाही, बाळा. आणि एकदम बंद केलंस तर जिवावर बेतेल. मोठ्या रुग्णालयात यावरचे डॉक्टर आहेत, पण तिकडे पाठवायच्या चिठ्ठीवर आईची सही लागते. सांगू तिला?”

“सांगा. मी बसते इथेच.”

आई मलम घेऊन आली. सिस्टरने सांगितलं ते तिने ऐकलं आणि आधी उठून दार लावून घेतलं.

“चिठ्ठीवर अशक्तपणा लिहा,” ती हळूच म्हणाली. “लगेच सही करते.”

“अहो, अशक्तपणा लिहिला तर टॉनिक देऊन घरी पाठवतील!”

“पाठवू देत. घरात दारू आली कुठून, असं विचारलं तर काय सांगू? हिच्या बाबांना कळलं तर?”

“खरं सांगा.”

“तुमचं काय जातंय बोलायला!”

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती बाई पिशवीचा बंद नुसता पिळत होती, तिच्यावर धड रागावताही येईना.

“चल गं,” म्हणत आई बाहेर जाऊन उभी राहिली.

लेक उठली नाही. तिने चिठ्ठी पुढे ओढली आणि ‘पालकांची सही’ छापलं होतं तिथे स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं, पण वाचता येत होतं.

“चालेल?”

“परत पाठवतील,” सिस्टर म्हणाली.

“मग पुन्हा लिहीन.”

बाहेरून हाक आली तशी ती गेली. आजाराचा रकाना अजून कोराच होता. सिस्टरने त्यात जे होतं ते लिहिलं आणि लेकीच्या नावाखाली आपलीही सही केली.