लालबागची स्कोरर

मित्रांनो, मी लालबागच्या एका मंडळाचा जुना गुणफलक आहे. कबड्डीच्या मैदानाकडेला उभा राहून कोणाचे किती गुण झाले ते सांगायचं, एवढंच माझं काम.

रे रोडच्या वखारीतल्या सागवानी फळीतून गुणाजी सुतारांनी मला घडवलं. खिळ्यांवर पत्र्याचे आकडे टांगले. पुष्कळ वर्षं हजारो डोळे माझ्याकडे लागायचे. मग मंडळाने दिव्यांचा फलक घेतला आणि मी व्यायामशाळेमागे, मोडक्या बाकांच्या ढिगात जाऊन पडलो.

मला बाहेर काढलं कालिंदीताईंनी. त्या मुलींच्या संघाच्या प्रशिक्षक. मुलींच्या सामन्यांना दिव्यांचा फलक कोण देणार?

दर सरावाला अक्षता येऊन बसायची. वय चोवीस, पण समजायला वेळ लागायचा, बोलणं अडखळत. चाळीत तिला सगळे 'राधाबाईंची बिचारी पोर' म्हणत, हातावर खाऊ ठेवत आणि पुढे जात. काम मात्र कोणी सांगत नसे. एकदा कालिंदीताई तिला म्हणाल्या, "नुसती बसतेस काय? आकडे लाव."

शिकायला सहा महिने लागले. माझे आकडे कितीदा तिच्या हातून निसटले! पण ती एक दिवसही चुकली नाही यायला.

मग आमच्याच मैदानावर अंतिम सामना आला, माटुंग्याच्या संघाशी. गर्दी ही एवढी! शेवटच्या मिनिटांत माटुंग्याने आमची उरलेली एकुलती एक खेळाडू पकडली. अख्खा संघ बाद झाला, म्हणजे पकडीचा एक आणि लोणाचे दोन गुण. माटुंग्याचे चोवीसचे सत्तावीस व्हायला हवे होते. अक्षताने पंचवीस लावले.

"ओ, लोण कुठंय?" माटुंग्याची कर्णधार मेघना ओरडली. पंचांनी खेळ थांबवला.

कालिंदीताई तरातरा आल्या. "अक्षता! लक्ष कुठंय तुझं? लोण दिसलं नाही?"

मंडळाचे दत्ताराम काका मधे पडले. "तिला कशाला ओरडतेस गं? बिचारीला काय कळतंय? उठव तिला, दुसरं कुणीतरी बसवू."

"काका, ती बिचारी नाही, स्कोरर आहे. चुकली तर ओरडा खाणार. आणि उठणार नाही."

अक्षताने पाच काढला, सात लावला आणि पंचांकडे बघून मोठ्याने म्हणाली, "माझी चूक. सत्तावीस."

"बरोबर," पंच म्हणाले. शिट्टी वाजली.

आमच्या मुली एका गुणाने हरल्या. अक्षता त्यांच्यासोबत रडली, ओरडा खाल्ला म्हणून नव्हे, सामना गेला म्हणून.

तेवढ्यात मेघना आली. "स्कोररताई, आमच्याकडे स्पर्धा आहे. याल?"

अक्षताने डोळे पुसले. "तारीख सांगा. मंगळवारी मला सराव असतो."

मित्रांनो, मी मोठमोठे विजय पाहिलेत, पण त्या वाक्याने जितका ताठ झालो, तितका कधीच झालो नव्हतो. आता राधाबाईंना बाजारात लोक 'स्कोररची आई' म्हणून ओळखतात.

तुमच्या गल्लीतही कडेला बसलेलं कुणी असेल. त्याच्या हातावर खाऊ ठेवून पुढे जाऊ नका. काम सांगा, शिकायला वेळ द्या. आणि चुकलं, तर आपल्या माणसावर रागवावं तसं हक्काने रागवा.