आभाळापासून झाकलेली खाण

एरास्मो ताबिलोला होणाऱ्या जावयाचा संशय आला तो बोकडाच्या रश्श्याच्या दुसऱ्या वाटीला. पहिली वाटी संपेपर्यंत पोरगा बरा वाटला होता. उलिसेस त्याचं नाव. दक्षिणेकडचा, पलीकडच्या डोंगरावरच्या मोठ्या दुर्बिणीवर नोकरीला. एरास्मोच्या एकुलत्या एका लेकीने, मारिसेलने, त्याला रविवारी अंदाकोयोला, सोन्याच्या खाणींच्या त्यांच्या गावी, जेवायला आणलं होतं. पोरगा मिटक्या मारत जेवला, रस्सा पुन्हा मागून घेतला आणि मग नको ते बोलला.

"काका, तुम्ही आयुष्यभर सोनं खणलंत. पण ते मुळात तयार कसं होतं, ठाऊक आहे?"

एरास्मोचा चमचा हवेतच थांबला. अंदाकोयोत माणसाला त्याचं दुखणं विचारा, बायको का सोडून गेली तेही विचारा, कोणी राग मानत नाही. सोन्याबद्दल मात्र ज्याने त्याने आपलं तोंड बंद ठेवायचं. त्यात एरास्मोच्या पोटात सात महिन्यांपासून एक गुपित होतं. गावामागच्या एका घळीत त्याला सोन्याची शीर लागली होती, अंगठ्याएवढी जाड. चाळीस वर्षं खडक फोडल्यावर पहिल्यांदाच. ती त्याने अजून कोर्टात स्वतःच्या नावावर नोंदवली नव्हती. नोंदवायची म्हणजे जागा कागदावर लिहायची, आणि तो कागद वकील वाचणार, टायपिस्ट वाचणार, कारकून वाचणार. त्यातला एक जरी चोर निघाला आणि आधी स्वतःच्या नावावर नोंद करून बसला, तरी सगळं गेलं. घळ कुठली, हे त्याने लेकीलाही सांगितलं नव्हतं.

"मोठा तारा मरतो ना," उलिसेस सांगू लागला, "तेव्हा त्याचा गाभा आवळत जातो. उरतो एक गोळा. आकाराने इथून कोकिम्बो बंदराच्या अर्ध्या वाटेएवढाही नाही, पण वजनाने सूर्याहून जड. कधी कधी असे दोन मेलेले तारे एकमेकांभोवती फिरत राहतात. कोट्यवधी वर्षं. हळूहळू जवळ येतात आणि एक दिवस आदळतात. त्या धडकेत सोनं तयार होतं, प्लॅटिनम होतं आणि सगळं चहूकडे उधळलं जातं. असल्याच धुळीतून पुढे पृथ्वी झाली. तुम्ही बाटलीत जपता तो सोन्याचा कण पृथ्वीपेक्षा म्हातारा आहे, काका!"

"हे बघितलंय कोणी?"

"अशी एक धडक बघितलीय. तेरा कोटी प्रकाशवर्षं लांबची. उजेड आधी निळसर होता, मग दोन-चार दिवसांत लाल पडत गेला. त्या रंगांवरूनच कळलं, तिथे जड धातू तयार झालेत."

"कुठून बघितली? या आपल्या डोंगरांवरून?"

"हो ना!"

एरास्मोने वाटी बाजूला सारली. इतक्या लांबचा धातू ज्यांना नुसत्या रंगावरून कळतो, त्यांना गावामागची घळ कळायला कितीसा वेळ लागणार?

"मग जवळचं तर ढेकूळ न् ढेकूळ दिसत असेल तुम्हाला," तो सहज विचारल्यासारखं म्हणाला.

"दिसतं की!" उलिसेस हसला. "काल तुम्ही दाढी केली नव्हती, तेसुद्धा."

एरास्मोने हनुवटीवरून हात फिरवला. काल खरंच केली नव्हती.

"आणि काका, मारिसेल म्हणत होती तुमचं काही नोंदवायचं राहिलंय. मला जागा दाखवा. फोनवर पाच मिनिटांत अचूक आकडे काढून देतो. उद्याच अर्ज टाकू, तुमच्या नावाने."

"जागाबिगा काही नाही," एरास्मो लेकीकडे डोळे वटारून म्हणाला. "चीज खा."

सोमवारी सकाळी तो ताडपत्री घेऊन घळीत गेला. पण वारा असा सुटला होता की एक टोक दगडाखाली दाबावं, तर दुसरं तोंडावर येऊन आपटे. दोन तास झटापट करून तो खाली उतरला आणि थेट लुदोविनोच्या दारात गेला. लुदोविनो त्याचा कोंपाद्रे, मारिसेलचा धर्मपिता. बाप्तिस्म्याला तिला हातात धरणारा. तीस वर्षं दोघांनी एकाच भांड्यातून माते नावाचा कडू चहा प्यायला होता. त्याचा संशय घ्यायचा, तर मग स्वतःच्या हाताचाही घ्यायला हवा.

"झाकायचं कशापासून, कोंपाद्रे?" वर पोचल्यावर लुदोविनोने धापा टाकत विचारलं. "इथे तर पाऊस म्हणून पडत नाही."

"दुर्बिणीपासून."

लुदोविनो हसला नाही. शिरेचा एक तुकडा उचलून त्याने जिभेने ओला केला, उन्हात फिरवून बघितला आणि जागच्या जागी ठेवला. "बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "हल्ली कोणाचा भरवसा नाही." मग त्याने ताडपत्री अशी ताणून धरली की एकही सुरकुती राहिली नाही. तिच्यावर काटेरी झुडपंही त्यानेच आणून टाकली. आपल्याला वेड्यात न काढणारा एक तरी माणूस जगात आहे, या विचाराने एरास्मोला भरून आलं.

त्यानंतर तीन आठवडे तो गाढ झोपला.

चौथ्या रविवारी मारिसेल आणि उलिसेस आले ते जेवायला बसलेच नाहीत. नव्या खाणींच्या दाव्यांची यादी छापून आली होती. मारिसेलने फोन बापापुढे धरला. "बाबा, ही जागा आपल्या मागच्या घळीतली आहे. तुमची तीच का?"

एरास्मोने आकडे बघितले नाहीत. तो सरळ उलिसेसवर धावून गेला. "तूच! तुझ्या त्या दुर्बिणीने चोरी केली माझी!"

"काका, ती दुर्बीण खाली वळतच नाही," उलिसेस पांढराफटक पडला. "तिला आमचं स्वतःचं स्वयंपाकघरसुद्धा दिसत नाही."

"तूच म्हणालास, सगळं दिसतं! माझी दाढी दिसली तुला!"

"थट्टा केली होती. तुमचे खुंट बघून."

"बाबा," मारिसेल हळूच म्हणाली, "दाव्यावर लुदोविनोकाकांचं नाव आहे. उलिसेस पहिल्यांदा जेवायला आला, त्या रविवारनंतरच्या मंगळवारची तारीख आहे. त्यांना कसं कळलं?"

एरास्मो खुर्चीत बसला. पाच मिनिटं, पोरगा म्हणाला होता, पाच मिनिटं लागतील. त्याला उलिसेसकडे बघवेना.

"वारा फार होता गं," तो म्हणाला. "दुसरं टोक धरायला कोणीतरी लागतंच."