जैतून बीबीचा जबाब

१९५२चा फेब्रुवारी; आमचा पूर्व बंगाल तेव्हा पाकिस्तानात होता आणि सरकारला फक्त उर्दू हवी होती. ढाक्यात बंगाली भाषेसाठी मोर्चाने निघालेल्या पोरांवर गोळ्या झाडल्याची बातमी स्टीमरने आमच्या झालकाठीला पोचली, तेव्हा आमचा गणिताचा तास चालू होता. आम्ही मुली तशाच उठलो. फाटकाची किल्ली माझ्या आईकडे, जैतून बीबीकडे असायची. ती शाळेत आया होती. तिने कुलूप काढलं आणि आम्ही घोषणा देत बाजारभर फिरलो.

आठवड्याने ढाक्याहून एक पोलीस साहेब आला. मुलींना हे आपणहून सुचलं, यावर त्याचा विश्वासच बसेना. सगळं सीमेपलीकडून, भारतातल्या कलकत्त्याहून चालतंय, हे त्याचं ठरलेलं. आमच्या शाळेत हिंदू शिक्षक एकच, गणिताचे निशिकांत मास्तर, आणि त्यांची बहीण कलकत्त्याला. झालं! मास्तरांना आत टाकलं.

मग आईला ठाण्यावर बोलावलं. मी सोबत गेले. साहेब उर्दूत विचारी, गावचे फौजदार, मोफज्जल दारोगा, ते बंगालीत सांगत.

"फाटक उघडायला मास्तरने सांगितलं ना?"

"मास्तरनं? ते तर ओरडत होते, 'जैतून, कुलूप लाव, माझी नोकरी घालवशील!' भित्रा माणूस तो. मीच उघडलं."

"का?"

"पोरी रडत होत्या. आणि ही भाषा काय फक्त शिकलेल्यांची आहे? मीही तीच बोलते."

साहेबाने इंग्रजीतला कागद पुढे सरकवला. "अंगठा लाव."

"काय लिहिलंय?"

"तू बोललीस तेच."

"मग वाचून दाखवा की, दारोगासाहेब."

दारोगांनी घाम पुसला आणि खालच्या आवाजात वाचलं: मास्तरांनी चिथावलं, कलकत्त्याची पत्रकं वाटली.

"अगंबाई! हे कोण बोललं? मी म्हटलं ते आपल्या भाषेत लिहा. मग एक काय, दहाही बोटं उठवते."

साहेब भडकला, टेबलावर हात आपटला. आई हात पदराखाली घेऊन बसून राहिली. दुपार टळली. शेवटी दारोगांनी कोरा कागद ओढला आणि बंगालीत लिहायला घेतलं.

"महागात पडेल," साहेब म्हणाला.

दारोगांनी मान वर केली नाही. "जबाब तिचा आहे, साहेब."

महागात पडलंच. दारोगांची बदली झाली, आईची नोकरी गेली. पण मास्तरांविरुद्ध दुसरं काहीच सापडेना. एकोणीस दिवसांनी ते सुटले, ते थेट आमच्या दारात.

"जैतून बीबी, भर ठाण्यात मला भित्रा म्हणालात म्हणे?"

"म्हटलं. म्हणून तर सुटलात!"

मास्तर ओशाळून हसले. मग म्हणाले, "मी तुमचं काय देणं लागतो, सांगा."

"अक्षरं शिकवा."

वर्षभर ते रोज संध्याकाळी आमच्या ओसरीवर यायचे. आई सुपारी कातरत पाटीवर गिरवायची आणि चुकली की त्यांच्यावरच डाफरायची. पुढच्या फेब्रुवारीत त्या पोरांच्या आठवणीत पहाटे अनवाणी फेरी निघाली. आईच्या हातात तिनेच लिहिलेला फलक होता. एक काना चुकला होता. मास्तरांना तो दिसला; ते वहाणा काढून तिच्या शेजारून चालू लागले.