तिघींची केबिन

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात संघपालनं एकतीस वर्षं निविदांचे तुलनात्मक तक्ते केले. कोणत्या ठेकेदाराचा दर किती, पाइप कुठल्या कंपनीचा, वाहतूक आत धरलीय का बाहेर, कर दाखवलाय का लपवलाय, हे सगळं तो मोठ्या कागदावर रकाने पाडून असं मांडायचा की साहेबाला फक्त सही करायची उरायची. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी ती सवय गेली नव्हती. म्हणून क्रूझला जायचं निघालं तेव्हा सगळ्यांनी ते काम त्याच्यावरच टाकलं.

क्रूझचं काढलं होतं शेषेरावनं. तो त्याच ऑफिसातला, शिरूर अनंतपाळकडच्या पाटलांच्या घरातला, मोठ्या आवाजाचा आणि सढळ हाताचा. तिसरा गुरुबसप्पा, निलंग्याचा, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला, विचारलं तरच बोलणारा. लातूरच्या क्रीडा संकुलावर हे तिघं रोज सकाळी फिरायचे.

"भाच्यानं फोटो पाठवलेत," शेषेराव चालता चालता म्हणाला. "अकरा मजली बोट हाय. वरच्या मजल्यावर पोहायचा हौद. आता समुद्रातच हाव तर हौद कशाला लागतो, ते काय कळंना. पण जाऊन बघू की. बायकांनी तरी काय बघितलंय आजवर?"

ते खरं होतं. संघपालची बायको ज्योत्स्ना रेणापूरच्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं परिचारिका होती. तिची सगळी नोकरी पाळ्या करण्यात गेली. महापरिनिर्वाण दिनाला चैत्यभूमीवर गेलं की तिथून दिसायचा तेवढाच समुद्र तिला माहीत होता, तोही गर्दीच्या खांद्यांवरून.

संघपाल कामाला लागला. लातूरच्या दोन एजंटांनी नुसती रंगीत पुस्तकं दिली. नांदेडला वजिराबादेत शिवप्रसाद नावाचा एजंट होता, त्यानं मात्र विचारलं तेवढं सगळं सांगितलं. महिनाभर फोन करून, खिडकीतल्या केबिनचा दर वेगळा का, बंदराचा कर कोण भरणार, टिप सक्तीची का ऐच्छिक, असं खोदून खोदून विचारून संघपालनं चौदा रकान्यांचा तक्ता केला. व्हॉट्सअॅपवर 'सागर सहल' नावाचा सहा जणांचा ग्रुप शेषेरावनं आधीच काढून ठेवला होता. पण तक्ता मोबाइलवर दिसेना, म्हणून त्याच्या मोठ्या प्रती काढून संघपाल आणि ज्योत्स्ना एका रविवारी शेषेरावच्या घरी गेले. गुरुबसप्पा आणि त्याची बायको शरणम्मा आधीच येऊन बसले होते.

"पहिली बोट मुंबईवरून लक्षद्वीपला," संघपालनं सुरू केलं. "दर सगळ्यांत कमी. व्हिसा नको, विमान नको. पण आत गेल्यावर एकेका गोष्टीला पैसे. टिप वेगळी, वायफाय वेगळं, बरी कॉफी पाहिजे तर तिचे वेगळे. सगळं मिळवलं तर ती स्वस्त राहत न्हाई. तिसरी दुबईची. तिच्यात सगळं आत धरलंय, पण त्यात दारूचं पॅकेज बी हाय. आपल्याला काय उपयोग त्याचा?"

शेषेरावनं खोकल्यासारखं केलं. कस्तुराबाईंनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याच्याकडं बघितलं.

"मधली घ्यावी असं माझं मत. सिंगापूरवरून चार रात्री. बाल्कनीवाली केबिन, एका माणसाला अडुसष्ट हजार. आतल्या, बिनखिडकीच्या केबिनपेक्षा अकरा हजार जास्त. पण एक सवलत हाय. एका केबिनमध्ये दोघांनी पूर्ण भाडं भरलं तर तिसऱ्याला भाडं न्हाई, नुसता बंदराचा कर. म्हणजे जोडप्या-जोडप्यानं तीन केबिन घेण्यापेक्षा तिघं पुरुष एकीत आन तिघी बायका एकीत, अशा दोन घेतल्या, तर सगळ्यांना बाल्कनी मिळून बी आतल्या केबिनीच्या खर्चात बसतंय."

"वा रे गड्या!" शेषेराव म्हणाला.

शरणम्मा हसली. "चांगलंच की. ह्यांच्या घोरण्यातून चार रात्री सुटका."

कस्तुराबाईंनी तक्त्यावर बोट ठेवलं. "न्हाणी-संडास?"

"केबिनमध्येच हाय, वैनी. एक."

"तिघींत एक?"

"हो. आन पलंग दोन, तिसरा भिंतीतून निघतो."

"बरं," म्हणत कस्तुराबाई चिवडा आणायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. ज्योत्स्ना मदतीला उठली तर आतूनच आवाज आला, "बसा बसा, झालंच."

दर वाढू नये म्हणून संघपालनं पासपोर्टच्या प्रतींबरोबर आपले दहा हजार टोकन शिवप्रसादला पाठवून दिले. ज्योत्स्नानं गंजगोलाईच्या बाजारातून दोन पंजाबी ड्रेस आणले. आयुष्यात पहिल्यांदा. घालून आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बोटीवर वारं असतं म्हणतात. साडी आवरत न्हाई."

आठ दिवसांनी शेषेरावचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "संघपाल, यंदा ऱ्हाऊ दे रे. कस्तुराचं गुडघं लई दुखायलंय. बोटीवर चढ-उतर, जिने. डॉक्टर नको म्हणला. पुढच्या साली बघू."

संघपालला वाईट वाटलं, पण राग आला नाही. दुखण्याला कोण काय करणार? ज्योत्स्नानं ड्रेस घडी करून कपाटात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी कस्तुराबाईंसाठी शेकायची पिशवी घेऊन गेली. त्या घरी नव्हत्या. शेषेरावच्या सुनेनं पिशवी दारातच घेतली.

सप्टेंबरात संघपाल चुलतभावाच्या मुलीच्या साखरपुड्याला नांदेडला गेला. टोकनचे पैसे राहिलेच होते, म्हणून दुपारी शिवप्रसादच्या दुकानात डोकावला.

"या साहेब, या!" शिवप्रसाद उठून उभा राहिला. "तुमचं पाकीट काढूनच ठेवलंय. पहिले बसा. चहा सांगतो. वैनींची तब्येत कशी हाय आता?"

"कुणाची?"

"तुमच्या मिसेसची. दम्याचा त्रास हाय ना त्यांना? शेषेराव साहेब सांगून राहिले होते, डॉक्टरनं समुद्राची हवा नको म्हणलं म्हणून."

संघपालला आधी वाटलं, हा दुसऱ्याच कुणाशी आपली गल्लत करतोय. "शेषेराव कधी भेटले तुम्हाला?"

"अहो, पैसे भरायला आले होते ना. तुमच्या जागी त्यांचे व्याही आन विहीण घेतलेत, हदगावचे. डिसेंबरची बारा तारीख. तुम्ही सांगितलं तसंच केलं बघा, तिघं एकीत, तिघी एकीत, बाल्कनीवाली." त्यानं खणातून कागदांचा गठ्ठा काढला. "आन साहेब, तुमचा हा तक्ता लई कामाचा निघाला. मी सगळ्या गिऱ्हाइकांना ह्याचीच झेरॉक्स देऊन राहिलो. तुमची हरकत न्हाई ना?"

वरच्या कागदावर संघपालचं अक्षर होतं. चौदा रकाने. शेवटच्या रकान्यात 'शिफारस' असं लिहून त्याखाली त्यानं दोन रेघा मारल्या होत्या.

"न्हाई," संघपाल म्हणाला. "हरकत कशाची?"

चहा न घेता तो उठला. लातूरच्या गाडीत तीन तास बसून होता. शेजारच्या माणसानं दोनदा काहीतरी विचारलं, ते त्याला ऐकू आलं नाही. व्याही-विहीण तिघींच्या केबिनमध्ये चालतात. म्हणजे तिघींत अडचण नव्हती. न्हाणी एक असण्यातही नव्हती. तो पुन्हा पुन्हा तेच तपासत होता, जसा एखाद्या ठेकेदाराचा आकडा जुळेना म्हणून तपासावा. आकडा मात्र पहिल्याच वेळी जुळला होता.

घरी न जाता तो सरळ शेषेरावकडं गेला. शेषेराव ओट्यावर पेपर वाचत बसला होता.

"नांदेडहून आलो," संघपाल म्हणाला. "शिवप्रसाद ज्योत्स्नाच्या दम्याची चौकशी करत होता."

शेषेरावनं पेपर खाली ठेवला. आत बघितलं, मग आवाज उतरवून म्हणाला, "बस तर आधी."

"बसत न्हाई. दमा कुणाला झालाय?"

"संघपाल, माझ्या मनात काय न्हाई, तुला ठाऊक हाय. तीस वर्षं तुझ्या डब्यातलं खाल्लं मी. ह्या बायकांचं असतं रे काहीतरी. कस्तुराचा देव बरोबर असतो, पूजा असती, सोवळं असतं. चार रात्री एका खोलीत म्हणल्यावर..."

"विहीण सोवळ्यातली हाय का?"

शेषेरावनं खाली ठेवलेल्या पेपरची घडी घातली.

"आन गुरुबसप्पा?"

"त्यो काय बोलणार? त्यो म्हणला, तुमचं ठरलं की सांगा."

"मला तोंडावर सांगायचं होतं."

"काय सांगायचं होतं? कसं सांगायचं असतं असलं?" शेषेरावचा आवाज पहिल्यांदा चढला. मग तो पुन्हा खाली आला. "अजून बी जागा हाय बघ. तुम्ही दोघं वेगळी केबिन घ्या. दोघांचीच. आम्ही काय नको म्हणलोय का? जेवायला, फिरायला समदे संगंच की."

त्यानं ते मनापासून म्हटलं होतं. हेच संघपालला सगळ्यांत वाईट वाटलं. शेषेरावच्या चेहऱ्यावर एक मोठी अडचण चांगली सोडवल्याचं समाधान होतं. तेवढ्यावर न थांबता त्यानं खिडकीतून हात घालून आतली फाइल ओढली.

"आता आलाच हायस तर ही पावती बघ जरा. ह्यात टिपचे धरलेत का न्हाई, काय कळंना."

संघपालनं पावती हातात घेतली. चष्मा लावला. वरून खाली वाचली. "न्हाई धरलेले," तो म्हणाला. "माणशी रोजचे चौदाशे. बोटीवर कापून घेतील. आधी भरले तर बरं." आणि पावती परत देऊन पायऱ्या उतरला.

कोपऱ्यापर्यंत आल्यावर आपण काय केलं ते त्याला कळलं. शेषेरावचा राग नंतर आला, आधी स्वतःचा आला. 

ज्योत्स्नानं सगळं ऐकून घेतलं. ती मेथी निवडत होती, ते थांबवलं नाही.

"चार साल झाले तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला," ती म्हणाली. "सून माहेरी गेलती. मी रजा टाकून आठ दिवस तिच्याजवळ होते. रोज न्हाऊ घालायचे, संडासला न्यायचे. दवाखान्यातली न्हाणी एकच होती. तवा कुठं होतं सोवळं?" मग जरा वेळानं म्हणाली, "शेकायची पिशवी तरी तिनं परत द्यायची."

"मला त्या दिवशीच कळायला पाहिजे होतं. चिवडा आणायला गेल्या तेव्हा."

"मला कळलं होतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही एवढे खुशीत होता," ती म्हणाली.

दोन दिवसांनी तिनं पुण्याला लुंबिनीला, त्यांच्या मुलीला, फोन लावला आणि संघपालसमोरच सांगितलं, "जानेवारीत रजा काढ. आपण बोटीनं जायचं. माझ्या पेन्शनीतून."

"त्याच बोटीनं?" संघपालनं विचारलं.

"दुसरी कुठली माहीत हाय मला? तुम्हीच तर शोधली. तुम्ही बी चला. तिसऱ्याला भाडं न्हाई."

"मला नको."

तिनं आठवडाभर समजावलं. लुंबिनीनं फोनवर वाद घातला, "बाबा, त्यांच्यामुळं तुम्ही कशाला घरी बसता? त्यांना काय फरक पडणार आहे?" मुलगी बरोबर बोलत होती. पण त्या बोटीचं नाव काढलं की त्याला समोर बाल्कनी दिसत नव्हती, शिवप्रसादच्या खणातला तो गठ्ठा दिसत होता.

डिसेंबरात 'सागर सहल'वर एक फोटो आला. डेकवर सहा जण, कस्तुराबाईंच्या डोळ्यांवर गॉगल, मागं निळं पाणी. गुरुबसप्पानं चुकून जुन्या ग्रुपवर टाकला होता. दहा मिनिटांनी तिथं 'हा मेसेज डिलीट केला' एवढंच उरलं. संघपाल ग्रुपमधून बाहेर पडला. का, म्हणून कुणी विचारलं नाही.

परत आल्यावर शेषेराव चॉकलेटचा मोठा डबा घेऊन दारात आला. संघपाल बाहेर आला नाही. ज्योत्स्नानं डबा घेतला, "बरी झाली का सहल?" विचारलं आणि आत या म्हटलं नाही. संघपाल डबा फेकायला निघाला तर तिनं हातातून काढून घेतला. "चॉकलेटनं काय केलंय तुमचं?" म्हणाली आणि एक तोंडात टाकलं. सकाळी तो आता संकुलावर जात नाही. घरामागच्या रस्त्यानं एकटाच फिरून येतो.

जानेवारीत मायलेकी गेल्या आणि सातव्या दिवशी परतल्या. लुंबिनी हैदराबादला विमानातून उतरून तिथूनच पुण्याला गेली. ज्योत्स्ना दुपारच्या गाडीनं लातूरला उतरली. निळा पंजाबी ड्रेस चुरगळलेला, चेहरा उन्हानं काळवंडलेला. संघपालनं स्टँडवरून तिची बॅग उचलली.  घरी आल्यावर पाण्याचा तांब्या देत त्यानं विचारलं, "कसं होतं?"

"चांगलं होतं. जेवण लई होतं, टाकून द्यायचे लोक." ती पाणी प्याली. "पहिल्या दिवशी बाल्कनीत उभी ऱ्हायले आन मला रडू आलं. लुंबिनी म्हणली, आई, काय झालं? काय सांगू तिला? तुम्ही का न्हाई आलात?"

"चहा ठेवतो," तो म्हणाला.

"चहा ऱ्हाऊ द्या. सांगा. का न्हाई आलात?"

"तो तक्ता माझ्या अक्षरात हाय," तो म्हणाला आणि रिकामा तांब्या भरायला आत गेला.